राज्यपालांसाठी ‘महामहिम’ लिहावे की ‘माननीय’?

वाचनालय_कार्यवाह : आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या शताब्दी समारंभाला राज्यपाल प्रमुख पाहुणे म्हणून येणार असून, व्यासपीठावर मुंबईतील एका देशाचे महावाणिज्यदूत आणि पद्मश्रीने सन्मानित एक डॉक्टरही असतील. कार्यकारिणीतील ज्येष्ठांचा ‘महामहिम’साठी आग्रह आहे, तरुणांना ‘मा.’ पुरेसे वाटते. पत्रिका छापायला जाण्यापूर्वी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_कक्ष_अधिकारी : ‘महामहिम’ नको. तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी ऑक्टोबर २०१२मध्ये मान्य केलेल्या शिष्टाचारानुसार देशांतर्गत कार्यक्रमांत राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्यासाठी हे संबोधन थांबवण्यात आले; पदनामाआधी ‘माननीय’ आणि नावाआधी ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’ लावावे, असे ठरले. परदेशी मान्यवरांशी होणाऱ्या भेटींत मात्र आंतरराष्ट्रीय प्रथेप्रमाणे ‘एक्सलन्सी’ कायम राहिले. (आपल्याकडच्या फ्लेक्सवाल्यांपर्यंत हा बदल अजून पोहोचलेला दिसत नाही.) पत्रिकेत ‘मा. राज्यपाल श्री. अमुक’ एवढेच छापावे, आणि मसुदा राज्यपालांच्या कार्यालयाकडून आधी तपासून घ्यावा. भाषणात एकदा ‘माननीय राज्यपाल महोदय’ म्हटल्यावर पुढे नुसते ‘महोदय’ चालते. प्रत्येक वाक्याला ‘माननीय’ जोडणारे सूत्रसंचालक सभागृहाचा अंत पाहतात.

वकील_साताराकर : डॉक्टरांच्या नावाआधी ‘पद्मश्री’ छापू नये. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ने किताब रद्द केले आहेत आणि बालाजी राघवन खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, पद्म पुरस्कार हे किताब नसल्यामुळेच ते वैध आहेत, म्हणून नावाच्या आगेमागे ते लावता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. परिचयात पुरस्काराचा उल्लेख खुशाल करावा. महावाणिज्यदूतांनाही ‘एक्सलन्सी’ म्हणायचे कारण नाही, कारण ते संबोधन राजदूत आणि उच्चायुक्तांचे; त्यांच्यासाठी पदनाम आणि ‘महोदय’ योग्य.

वाचनालय_कार्यवाह : आभारी आहे. ऐनवेळी मुख्यमंत्री आले, तर भाषणाच्या सुरुवातीला प्रथम नाव कोणाचे घ्यावे?

निवृत्त_कक्ष_अधिकारी : राज्यपालांचेच. केंद्राच्या अग्रक्रम सूचीत आपापल्या राज्यात राज्यपाल चौथ्या, तर मुख्यमंत्री सातव्या स्थानावर आहेत. वाचनालयाच्या अध्यक्षांनी स्वतःचे नाव मात्र त्या दोघांच्या मध्ये घालू नये. असे प्रकार होतात म्हणून सांगितले.