फवारणीचं धुवण शेवाळाच्या टाकीत सोडावं का?

निफाडकर: द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा-भुरी या रोगांवरच्या फवारण्या सुरू झाल्या की ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, धुतलेलं पाणी बांधावर, नाहीतर थेट ओढ्यात जातं. क्लोरेला, सेनेडेस्मससारखी सूक्ष्म शैवालं काही कीटकनाशकं शोषतात, काहींचे तुकडेही करतात. ब्लोअर धुण्याच्या जागेजवळ उथळ टाकी बांधून त्यात धुवण सोडलं तर काय बिघडेल? ऊन तर फुकटच आहे.

उभा विरोध: बुरशीसाठी बोर्डो मिश्रण मारता ना? त्यातलं मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आपण शेततळ्यातलं शेवाळ मारायला टाकतो! शिवाय डायुरॉन, अ‍ॅट्राझिन ही तणनाशकं प्रकाशसंश्लेषणच बंद पाडतात. तण काय आणि शैवाल काय, दोन्ही जाणार.

निफाडकर: बोर्डोचं आणि तणनाशकाचं पाणी वेगळं ठेवू. त्यासाठी बाकीचं सगळं ओढ्यात का?

सूक्ष्मदर्शी: वेगळं ठेवलंत तरी खरी अडचण पुढेच आहे. मेलेलं शैवालसुद्धा विष चिकटवून घेतं. म्हणजे पाणी स्वच्छ निघालं, पण विष संपलं नाही, गाळात गेलं. उघड्या टाकीत लिटरमागे जेमतेम अर्धा-एक ग्रॅम शैवाल, पेशी काही मायक्रॉनच्या. फडक्याने गाळून निघत नाहीत. गरगर फिरवून गाळ वेगळा करणारं सेंट्रिफ्यूज यंत्र परवडणार आहे का? आणि निघालेला गाळ कुठे टाकणार, पुन्हा बागेतच?

निफाडकर: सगळं नुसतं चिकटत नाही. अ‍ॅनाबीना लिंडेन या कीटकनाशकातला क्लोरीन काढून टाकतं, हे १९९५ सालीच दाखवलंय.

सूक्ष्मदर्शी: मान्य, पण ते नीलहरित शैवाल, म्हणजे खरं तर जिवाणू. आणि लिंडेन द्राक्षावर कोण मारतंय? तुमच्या धुवणात चार-पाच औषधं एकत्र असतात. एकेकाचा निकाल मिश्रणाला लावता येत नाही.

पाचटवाला: स्वीडनमध्ये नव्वदच्या दशकापासून बायोबेड आहेत: खड्ड्यात पेंढा, पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) आणि माती, वर गवत. पेंढ्यावरच्या बुरशा त्यातलं लिग्निन (काडीला कडकपणा देणारा घटक) तोडता तोडता कीटकनाशकंही तोडतात. पेंढ्याऐवजी उसाचं पाचट करून बघण्यासारखं आहे. बोर्डोतलं तांबं मात्र तिथेही साठणारच, ते मूलद्रव्य आहे.

उभा विरोध: इतकं कशाला? टाकी शेतातच तीनदा विसळा आणि ते पाणी त्याच प्लॉटवर मारा.

निफाडकर: निर्यातीच्या प्लॉटवर? २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपात द्राक्षाचे कंटेनर अडकले होते. काढणी जवळ आली की तिथे एक थेंबही जादा मारायची माझी हिंमत नाही. पाचटाचा खड्डा करून बघतो, शेजारी शैवालाची एक टाकीही ठेवतो. गाळाची तपासणी कुठे होईल, तेवढं कुणीतरी सांगा.