स्क्रिप्टने प्रोग्रामच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत का?

रात्रपाळी
परवा पहाटे पावणेतीनला उठून एक अडकलेलं काम सोडवलं, तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. रोजच्या बॅकअपची स्क्रिप्ट रात्री ११ ला सुरू झाली होती आणि तिथेच खिळून बसली होती. प्रोसेस जिवंत, सीपीयू शून्य, लॉग रिकामा. एसट्रेस (प्रोग्राम सिस्टमकडे काय मागतोय ते दाखवणारं साधन) लावला तर एकच अर्धवट ओळ दिसली: रीड, डिस्क्रिप्टर ० (स्टडिन, प्रोग्रामचा इनपुट). म्हणजे आतला कन्सोल प्रोग्राम कोणीतरी काहीतरी टाइप करेल म्हणून वाट बघत होता. नव्या आवृत्तीपासून तो विचारायला लागलाय, 'जुनी फाइल आहे, तिच्यावर लिहू का?'

हा प्रश्न लॉगमध्ये का नव्हता? स्टडआउट, म्हणजे प्रोग्रामचा आउटपुट, टर्मिनलला जोडलेलं असतं तेव्हा सी लायब्ररी मजकूर लगेच सोडते. तेच पाइप (दुसऱ्या प्रोग्रामकडे जाणारी वाट) किंवा फाइल असेल तर बफर (तात्पुरती साठवण) भरेपर्यंत धरून ठेवते. प्रश्न बफरमध्ये पडून राहिला, प्रोग्राम उत्तरासाठी थांबला. आमचा शेड्यूलर प्रत्येक कामाला स्टडिन म्हणून एक उघडा पाइप देतो आणि त्यात कोणी कधीच काही लिहीत नाही. पावणेचार तास असेच गेले.

माझं मत आता पक्कं झालंय. स्क्रिप्टने प्रश्नांना उत्तरं द्यायचीच नाहीत. स्टडिन सरळ /डेव्ह/नलला (कायम रिकामी वाचली जाणारी खास फाइल) जोडायचं. प्रश्न विचारणाऱ्याला तिथे फाइलचा शेवट मिळेल, तो पडेल आणि आपल्याला कळेल. ज्याला विनाप्रश्न चालायचा स्विच आहे त्याला तो द्यायचा: दूरच्या यंत्रावर लॉगिन करणाऱ्या एसएसएचला बॅचमोड, सुडोला -एन, गिटला गिट_टर्मिनल_प्रॉम्प्ट=०. ज्याला असा स्विचच नाही, तो प्रोग्राम ऑटोमेशनमध्ये घ्यायचा नाही. एक्स्पेक्टच्या (प्रश्न ओळखून माणसाऐवजी उत्तर टाइप करणाऱ्या साधनाच्या) स्क्रिप्ट लिहिणं बंद.

जुनं_खोड
शेवटच्या दोन वाक्यांना माझा ठाम विरोध आहे.

मी ज्या उपकरणांवर काम करतो, त्यातल्या निम्म्यांना एपीआय (प्रोग्रामने थेट बोलायची सोय) नाही. कन्सोल आहे आणि मेनू आहे, बस. 'ऑटोमेशनमध्ये घ्यायचा नाही' याचा अर्थ काय होतो, तर रात्री एक माणूस बसणार आणि चाळीस उपकरणांवर तीच आठ उत्तरं हाताने टाइप करणार. तिसाव्या उपकरणापर्यंत तोही प्रश्न वाचायचा बंद झालेला असतो. मी स्वतः हे केलंय, म्हणून सांगतो.

डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये एक्स्पेक्ट मांडलं ते याच अडचणीवर. पासवर्ड बदलणारे, डिस्क तपासणारे, दूरच्या यंत्रावर लॉगिन करणारे प्रोग्राम माणसासाठी लिहिलेले होते आणि ते बदलणं वापरणाऱ्याच्या हातात नव्हतं. आजही नाही.

आणि /डेव्ह/नलवर इतका भरवसा ठेवू नका. एसएसएच पासवर्ड स्टडिनमधून वाचतच नाही, थेट /डेव्ह/टीटीवाय, म्हणजे समोरचं टर्मिनल, उघडतो. टर्मिनलवरून स्क्रिप्ट चालवलीत तर स्टडिन बंद असूनही तो तुमच्यासमोर पासवर्ड मागत उभा राहील.

पाटी_पेन्सिल
एसएसएचचा विषय निघालाय म्हणून एक अनुभव, रात्रपाळींच्या बाजूने. होस्टची यादी 'व्हाइल रीड'ने (ओळीमागून ओळ वाचणाऱ्या लूपने) वाचून प्रत्येक होस्टवर एसएसएचने एक कमांड चालवत होतो. पहिला होस्ट झाला की लूप संपायचा, चूकही दिसायची नाही. एसएसएच उरलेली अख्खी यादी स्वतःचा इनपुट समजून गिळत होता. -एन ('स्टडिन वाचू नको') दिल्यावर सुरळीत. स्टडिन कोणाच्या हातात आहे हे ठरवलेलं नसेल तर असं होतं.

सरळवाट
एवढा विचार कशाला? 'येस' (सतत 'वाय' छापणारी कमांड) पाइपने जोडायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. वर्षानुवर्षं चालतंय माझं.

तळटीप
सरळवाट, न वाचलेल्या प्रश्नाला 'हो' म्हणणं मला फार धोक्याचं वाटतं. शिवाय पाइपफेल (पाइपलाइनमधली एक कमांड फसली तरी सगळी फसली धरणारी सेटिंग) लावलेलं असेल तर काम यशस्वी होऊनही पाइपलाइन १४१ परत करते. समोरचा प्रोग्राम संपला की 'येस'ला सिगपाइप (वाचणारा उरला नाही, हा संकेत) मिळतो, त्याचा क्रमांक १३, अधिक १२८. मग लोक कंटाळून पाइपफेलच काढून टाकतात आणि खऱ्या चुकाही झाकल्या जातात.

ठरलेली उत्तरं ओळीने पुरवणं हाही त्याच वाटेचा प्रकार. आमच्याकडे एका इन्स्टॉलरला तीन उत्तरं दिली जायची: हो, हो, नाही. शेवटचं 'नाही' होतं 'आत्ताच रीस्टार्ट करू का?' यासाठी. पुढच्या आवृत्तीत सुरुवातीलाच एक प्रश्न वाढला, 'आधीची सेटिंग्ज जपून ठेवू का?' त्याला पहिलं 'हो' गेलं, ते नशिबाने बरोबर होतं. दुसरं पुढच्याला, आणि 'नाही' गेलं 'डेटाबेसची प्रत आधी घेऊ का?' याला. चौथ्या प्रश्नापर्यंत उत्तरं संपली होती, रिकामा इनपुट आला आणि इन्स्टॉलरने स्वतःचं ठरलेलं उत्तर धरलं: रीस्टार्ट कर. प्रत न घेता अपग्रेड झालं आणि भर दुपारी सर्व्हर खाली गेला. स्क्रिप्टचं एक अक्षरही बदललं नव्हतं.

पण जुनं_खोड, एक्स्पेक्टही डोळे मिटून वापरलं तर वेगळं काही होत नाही. त्याचा टाइमआउट (वाट पाहायची मर्यादा) मुळात १० सेकंदांचा असतो. तेवढ्यात अपेक्षित प्रॉम्प्ट आला नाही आणि टाइमआउटचं काय करायचं हे तुम्ही लिहिलं नसेल, तर स्क्रिप्ट थांबत नाही, पुढची ओळ चालवते. पुढची ओळ असते पासवर्ड पाठवण्याची. समोर तेव्हा पासवर्डचा प्रॉम्प्ट नसून शेल (कमांड घेणारा प्रोग्राम) असेल, तर पासवर्ड कमांड म्हणून जातो आणि स्क्रीनवर, लॉगमध्ये, हिस्टरीमध्ये उमटतो. मी जुन्या लॉगमध्ये असे पासवर्ड पाहिलेत.

जुनं_खोड
तळटीप, हे शंभर टक्के मान्य. असली स्क्रिप्ट मी कोणाला चालवू देणार नाही. माझ्या प्रत्येक एक्स्पेक्ट स्क्रिप्टमध्ये टाइमआउट आणि ईओएफ (फाइलचा शेवट) या दोन्ही फांद्या असतात आणि दोन्ही काम थांबवतात. नुसतं 'वाय/एन' कधी जुळवत नाही, प्रश्नाचं पूर्ण वाक्य जुळवतो. एलसी_ऑल=सी (संदेश मूळ इंग्रजीत ठेवणारी सेटिंग) लावतो, नाहीतर यंत्राची भाषा बदलली की प्रश्नाचं वाक्यही बदलतं. ओळखीचा नसलेला प्रश्न आला की तिथेच थांबायचं. तुमच्या इन्स्टॉलरचा तो नवा प्रश्न माझ्या स्क्रिप्टने पहिल्याच फटक्यात पकडला असता.

पासवर्डबाबत आणखी एक. बरेच प्रोग्राम प्रॉम्प्ट दाखवताना टर्मिनलचा आधीचा इनपुट फेकून देतात. घाईने पाठवलेलं उत्तर त्यात हरवतं. शिवाय एको बंद होण्याआधी गेलेला पासवर्ड स्क्रीनवर उमटू शकतो, म्हणून पायथनचं पीएक्सपेक्ट (एक्स्पेक्टसारखंच साधन) पाठवण्याआधी ५० मिलिसेकंद थांबतं. 'कधी चालते, कधी नाही' अशा तक्रारींत हे आधी तपासा.

रात्रपाळी
अशी शिस्त असेल तर निम्मी तक्रार मागे घेतो. तरी मूळ मुद्दा सोडत नाही. ही शिस्त तुमच्याकडे आहे, तुमच्यानंतर ती स्क्रिप्ट सांभाळणाऱ्याकडे असेल का? स्विचचा अर्थ मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो. प्रश्नाचं वाक्य कोणीही, न सांगता, एका दुपारी बदलू शकतो.

आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने मनावर घेतलं तर किती छान होतं पाहा. डिस्क तपासणाऱ्या ई२एफएससीकेला -वाय दिलं की सगळ्याला हो. -पी दिलं की निर्धोक दुरुस्त्या तो आपणहून करतो आणि माणसाने ठरवायचं काही निघालं की ४ ही खूण असलेला एक्झिट कोड देऊन बाहेर पडतो. प्रश्न नाही, अडकणं नाही, आंधळं 'हो' नाही.

तळटीप
स्विचही सगळीकडे पुरत नाहीत. डेबियन लिनक्सवर पॅकेज बसवणाऱ्या ॲप्ट-गेटला -वाय दिलं आणि डेबियन_फ्रंटएंड नॉनइंटरॅक्टिव्ह केलं, तरी हाताने बदललेल्या कॉन्फिग फाइलचा प्रश्न येऊ शकतो. तो आतला डीपीकेजी विचारतो, ती सेटिंग पाळणारा डेबकॉन्फ नाही. त्यासाठी फोर्स-कॉन्फडेफ आणि फोर्स-कॉन्फओल्ड वेगळे द्यावे लागतात. आणि पासवर्ड स्विचमधून दिलात तर पीएसच्या (चालू प्रोग्रामच्या) यादीत इतरांनाही दिसू शकतो.

खिडकीपाशी
विंडोजवाल्यांचंही ऐका. बॅच फाइलमधली, ठरावीक वेळ थांबणारी टाइमआउट कमांड स्टडिन वळवलेलं दिसलं की चूक दाखवून लगेच बाहेर पडते, थांबतच नाही. म्हणून लोक नुसतं थांबायला पिंग वापरतात. पीएक्सपेक्टचा स्पॉन (प्रोग्राम सुरू करायची सोय) इथे मिळत नाही, कारण त्याला युनिक्सचा स्यूडो-टर्मिनल (प्रोग्रामला खरा वाटणारा नकली टर्मिनल) लागतो. कॉनपीटीवाय हे विंडोजचं स्यूडो-टर्मिनल २०१८ मध्ये आलं, तोवर विंडोजवर अशी अधिकृत सोयच नव्हती.

मधली_ओळ
रात्रपाळींच्या नियमात मला एक भोक दिसतंय. फाइलचा शेवट मिळाला की प्रोग्राम पडेल, हे तुम्ही गृहीत धरलंय. आमच्याकडच्या एका जुन्या मेनूवाल्या प्रोग्रामला /डेव्ह/नल दिलं. त्याला रिकामं उत्तर मिळालं, त्याने 'चुकीचा पर्याय' छापलं, पुन्हा मेनू दाखवला, पुन्हा वाचलं. सेकंदाला हजारो वेळा. सकाळपर्यंत लॉगने डिस्क भरली आणि त्याच डिस्कवरच्या बाकीच्या सेवाही बसल्या. तुमचा प्रोग्राम निदान गप्प अडकला होता.

रात्रपाळी
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नियम बदलतो: /डेव्ह/नल, शिवाय बाहेरून (लिनक्सच्या) टाइमआउट कमांडची वेळमर्यादा आणि लॉगच्या आकाराला कुलूप. टाइमआउटने मारलं तर १२४ परत येतं, म्हणजे पडलेलं काम आणि अडकलेलं काम वेगळं ओळखता येतं.

जुनं_खोड, तुमच्या मेनूवाल्या उपकरणांसाठी एक्स्पेक्ट मान्य, तुम्ही सांगितलेल्या दोन्ही फांद्यांसकट. पण जिथे प्रश्न पुसण्याचा किंवा वर लिहिण्याचा आहे, तिथे स्क्रिप्टने थांबून माणसाला उठवावं. मला पहाटे उठवलं तरी चालेल.

जुनं_खोड
तिथेच आपलं जुळत नाही. माझ्या उपकरणांवर नवं फर्मवेअर चढवताना 'जुनं पुसू का?' हा प्रश्न दर वेळी येतो, त्याशिवाय जागाच होत नाही. पहाटे उठवलेला माणूस अर्ध्या झोपेत 'हो'च म्हणणार. त्याआधी प्रत घेतली आहे आणि तिचा चेकसम (प्रत बिनचूक आहे का हे पडताळणारा आकडा) जुळतोय, हे माझी स्क्रिप्ट तपासते आणि मगच 'हो' पाठवते. ते उत्तर मी स्क्रिप्टवरच सोपवेन.