कचरा आणि झाडूवाले
बरेच जण म्हणतात, अल्झायमर (विस्मरणाचा आजार) म्हणजे मेंदूत कचरा, म्हणजे नको असलेली प्रथिनं, साठणं. अर्धंच खरं! मेंदूतला हा कचरा उचलणाऱ्या मायक्रोग्लिया पेशीच (१९१९ साली स्पेनचे शास्त्रज्ञ देल रिओ-ओर्तेगा यांनी त्यांना वेगळं ओळखलं) पुढे बिथरतात. ट्रेम-२ जनुकातल्या एका बदलाने अल्झायमरचा धोका वाढतो, हे २०१३ मध्ये समोर आलं. आणि मेंदूत हे जनुक मुख्यतः याच पेशी वापरतात.

इंदूरला रामबागेत आमची आजी आधीच विसराळू. लघवीचा संसर्ग झाला की पोह्यांवर जिरावण मसाल्याऐवजी चहापत्ती भुरभुरायची, वर मलाच म्हणायची, "खा ना रे!" आम्हाला वाटायचं, वय. पण संसर्गामुळे शरीरात होणाऱ्या दाहाचे (सूज येण्याचे) संदेश मेंदूत पोचतात आणि आधीच तापलेल्या मायक्रोग्लिया जास्तच भडकतात, असं संशोधक मानतात. म्हाताऱ्या माणसाचं अचानक बिनसलं, तर वय म्हणून सोडू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा; संसर्गही कारण असू शकतो.