मदत हवी आहे : ‘बर्ट्रम ३१’चा साचा पुन्हा कोणी का उघडला नाही?

नमस्कार. मी कोल्हापूरचा. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्र्यांसाठी एकतीस वर्षे लाकडी पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात ते नमुने) केले आणि आता निवृत्त आहे. घाटावर बसून समुद्रातल्या नौकांची चौकशी करावी हे विचित्र वाटेल. परंतु माझा भाचा मालवणला पर्यटकांच्या फेऱ्या करतो, त्याला वीस फुटांची फायबरची नवी बोट हवी आहे आणि तिचा पॅटर्न मामानेच करावा असा त्याचा हट्ट आहे. त्यासाठी वाचन करता करता मी ‘बर्ट्रम ३१’ या एकतीस फुटी जुन्या अमेरिकी मोटारनौकेपाशी येऊन अडकलो आहे.

१९५८ साली न्यूपोर्टजवळ अमेरिका चषकाच्या निवड शर्यती चालू असताना डिक बर्ट्रम हे नौकाविक्रेते ‘व्हिम’ या शिडाच्या नौकेवर खलाशी होते. उसळलेल्या पाण्यातून एक तेवीस फुटी मोटारबोट वेग न सोडता जाताना त्यांनी पाहिली. तिचा आराखडा रे हंट यांचा होता. बर्ट्रम यांनी हंट यांच्याकडून त्याच धर्तीची मोठी लाकडी नौका करवून घेतली, तिला पत्नीच्या लाडक्या नावावरून ‘मॉपी’ म्हटले, आणि १९६० च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत, खवळलेल्या समुद्रात, ती सुमारे आठ तासांत पहिली आली. दुसरी आलेली नौकाही हंट यांच्याच आराखड्याची होती आणि तीही दोन तासांहून अधिक मागे होती. माझ्यासारख्या पॅटर्नवाल्याला मात्र पुढचा भाग अधिक भावतो: शर्यत जिंकलेली ती लाकडी नौकाच पॅटर्न म्हणून वापरून फायबरग्लासचा साचा घेण्यात आला आणि १९६१ पासून त्यातून ‘बर्ट्रम ३१’ निघू लागली. १९८३ पर्यंत अठराशेहून अधिक नौका निघाल्या, १९८६ मध्ये रौप्यमहोत्सवी म्हणून आणखी थोड्या झाल्या आणि तेथे हा विषय संपला.

या नौकेचे नाव झाले ते तिच्या तळामुळे. त्या तळाचे मर्म मला समजले आहे ते असे. त्याआधीच्या वेगवान बोटींचा तळ नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, धारदार असे, पण पिछाडीकडे तो सपाट होत जाई. त्यामुळे शांत पाण्यात बोट सहज वर उचलली जाई, मात्र लाटेवरून उतरताना सपाट भाग पाण्यावर आपटे. हंट यांनी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा तळ मागच्या टोकापर्यंत जवळजवळ तसाच खोल ठेवला. तळाच्या दोन्ही बाजू आडव्या रेषेशी पिछाडीलाही सुमारे २४ अंशांचा कोन करतात. तळावर लांबीच्या दिशेने बसवलेल्या अरुंद पट्ट्या वर चढणारे पाणी बाजूला फेकतात आणि बोटीला उचल देतात. आपल्याकडे पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून आपण कडांना उतार देतो. येथे उतार पाण्यासाठी दिला आहे, एवढाच फरक.

आता माझी अडचण. हा तळ पुन्हा का घडवला गेला नाही, याची जी कारणे मला प्रथम सुचली, ती एकेक करून गळून पडली. पेटंटची आडकाठी म्हणावी, तर हंट यांना ते टिकवताच आले नाही, कारण अर्ज करण्याच्या बऱ्याच आधी त्यांच्या नौकेचे छायाचित्र छापून आले होते. म्हणजे ही विद्या पहिल्यापासून सर्वांना खुली होती. प्रक्रिया लुप्त झाली म्हणावी, तर ते इंग्लंडमधील ‘फेअरी हंट्रेस’ या हंट यांच्याच तेवीस फुटी आराखड्याला लागू पडेल, कारण तिचे लाकडी पापुद्रे विमानांसाठी विकसित झालेल्या भट्टीत उष्णता आणि दाब देऊन चिकटवले जात आणि आज तसला खटाटोप कोणाला परवडणार? ‘३१’ तर साधी फायबरची आहे. २०१६ च्या सुमारास ‘३१’ काढणाऱ्या त्याच कंपनीने, नव्या इटालियन मालकाच्या हाताखाली, ‘बर्ट्रम ३५’ आणली. तिच्यात जुन्या नौकेचा चेहरा जपला आहे, तळ मात्र मायकेल पीटर्स यांच्याकडून नव्याने रेखाटून घेतला आहे. चेहरा ठेवायचा आणि ज्यामुळे नाव झाले तो तळच बदलायचा, हे माझ्या गळी उतरत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे: दोष तळात आहे, की बाजारात? आणि वीस फुटी बोटीला मी हाच कोन द्यावा काय?

प्रतिसाद – दर्यावर्दी, रत्नागिरी

काका, आपण साच्याकडे पाहत आहात. विकत घेणारा साच्याकडे पाहत नाही. नौकेच्या किमतीत तळाच्या कवचाचा वाटा लहान असतो. इंजिने, शाफ्ट, सुकाणू, वायरिंग आणि मजुरी यांचा खर्च ३१ फुटांना लागतो त्याहून ३६ फुटांना फार वाढत नाही. विक्रीची किंमत मात्र वाढते. म्हणून कारखानदार नेहमी लांबीकडे सरकतो.

दुसरे म्हणजे, खोल व्हीची किंमत उभे राहताना मोजावी लागते. धावताना ही नौका देखणी, पण इंजिन बंद करून गळ टाकून बसलात की ती डोलू लागते, आणि तिच्या कडा कमी उंचीच्या असल्याने वाऱ्यात तुषार अंगावर येतात. जुन्या काळी हे चालून गेले. आजच्या गिऱ्हाइकाला वातानुकूलित खोली, जनरेटर आणि न हलणारी नौका हवी असते. हे सर्व सामान चढवले की वजन वाढते, आणि वजन वाढले की हंट यांचा मूळ हिशेब बिघडतो. शिवाय ‘३१’ची इंजिने नौकेच्या मध्याजवळ, डेकवरील पेट्यांखाली होती; आज लोकांना पिछाडीला टांगलेली आउटबोर्ड इंजिने हवीत. तोच तळ घेऊन तेवढे वजन मागे टांगले, तर पिछाडी दबते. तेव्हा ‘जसाच्या तसा’ तळ पुन्हा काढणे म्हणजे साठ वर्षांपूर्वीचे वजनही पुन्हा काढणे होय, आणि त्याला कोणी तयार नाही.

प्रतिसाद – फायबरवाला

वरील प्रतिसादाशी सहमत, परंतु सर्वांत मोठे कारण राहिले. जुन्या ‘३१’ मरतच नाहीत. त्यांचे जाड, भरीव फायबरचे कवच इतके टिकाऊ निघाले की लोक आजही जुनी नौका घेतात, आतून पूर्ण रिकामी करतात आणि नवी डिझेल इंजिने बसवतात. ज्याला तो तळ हवा आहे त्याला तो जुन्या बाजारात मिळतो. नवी काढली तर तिची स्पर्धा आपल्याच आजीशी होणार.

आणि तळ लुप्त झाला, हे म्हणणेही अर्धेच खरे आहे. कोन थोडा कमी करून तो जगभरच्या बोटींत मुरला आहे. मुंबईतील कौटुंबिक बोटयार्डातून घडलेले आणि पुढे इटलीत गेलेले नौकांचे आराखडाकार सनी लेव्ही यांनीही खोल व्हीवर स्वतःचा मार्ग काढला. त्यांची ‘सर्फ्युरी’ ही नौका १९६७ ची इंग्लंडमधील काउझ–टॉर्की मोटारबोट शर्यत जिंकली. पर्यटकांच्या वीस फुटी बोटीला मात्र २४ अंश देऊ नयेत. एका बाजूने चार माणसे चढली की ती कलेल आणि किल्ल्याच्या धक्क्यावर भाच्याला दिवसभर शिव्या खाव्या लागतील.

धागाकर्ता

दोघांचाही आभारी आहे. फायबरवाल्यांचे म्हणणे मला लगेच पटले. एका पंपाच्या कवचाचा सागवानी पॅटर्न मी पंचवीस वर्षांपूर्वी केला होता. तो अजून फडताळात पडून आहे, कारण त्यावरून ओतलेले पंप अद्याप चालूच आहेत आणि नव्याची मागणी येत नाही. तो पॅटर्न वाईट होता म्हणून पडून आहे, असे मी इतकी वर्षे समजत होतो.

भाच्याच्या बोटीसाठी पिछाडीला १६ ते १८ अंशांचा कोन धरून मी चौथाई मापाचा लाकडी नमुना करायला घेतला आहे. तो रंकाळ्यात ओढून पाहता येईल, पण रंकाळ्यात लाट कुठून आणावी? मालवणात दुपारच्या वाऱ्यात, पाच-सहा प्रवासी घेऊन, अशा कोनाची बोट ज्यांनी स्वतः चालवली आहे, त्यांनी ती धक्क्याला लागताना किती कलते आणि परतताना समोरची लाट कशी घेते, एवढे लिहावे. पट्ट्या किती रुंद ठेवल्या होत्या, तेही कळले तर नमुन्यावर लगेच बसवून पाहीन.