हरणाच्या शिकारीसाठी वास रोखणारे कपडे घ्यावेत का? (विस्कॉन्सिन, क्रॉसबो)

मॅडिसनकर
नमस्कार मंडळी. हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण झाला आहे. इथे १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला एकट्याने शिकारीला जायचं तर तो लागतोच. यंदा सप्टेंबरच्या मध्यापासून क्रॉसबो (घोडा दाबून बाण सोडायचं आडवं धनुष्य) घेऊन व्हाइटटेलसाठी (पांढऱ्या शेपटीचं हरीण) बसणार आहे. जागा व्हर्नन काउंटीत, ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या सासऱ्यांच्या शेतावर. दक्षिणोत्तर डोंगरधार, तिच्या पूर्व उतारावर ओकचं रान, पायथ्याला मका, आणि मध्ये एक खोल घळ. स्टँड, म्हणजे बसायची छोटी मचाण, झाडावर साधारण अठरा फुटांवर.

प्रश्न कपड्यांचा आहे. दुकानात कोळशाचं अस्तर असलेलं जॅकेट आणि पँट दाखवली, दोन्ही मिळून साडेतीनशे डॉलर. वर फवारा वेगळा, कपड्यांचा वास मारायची ओझोनची पिशवी वेगळी. म्हणाले, हे घातलं की हरणाला वास लागतच नाही. सहकाऱ्याचे सासरे आयुष्यभर त्या शेतावर शिकार करत आलेत, ते जुना लोकरी कोट घालतात आणि म्हणतात, वारा बघ, बाकी सोड. माझ्याकडे सगळं मिळून पाचशे डॉलर आहेत आणि बूट, हार्नेस (झाडावरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचे पट्टे) अजून घ्यायचे आहेत. ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा.

(शिकार करावी की करू नये, हा विषय कृपया इथे नको. मांस घरीच खाणार आहोत.)

हुडहुडी
मिनेसोटातून. मी कोळशाचा सूट वापरतो आणि मला फरक जाणवतो. सविस्तर रात्री लिहितो.

ओहायोची_ताई
मॅडिसनकर, सासऱ्यांचं ऐका. साडेतीनशे डॉलर तूर्त खिशात ठेवा.

मी आग्नेय ओहायोत बसते, तिथेही तुमच्यासारख्याच टेकड्या आणि घळी. अशा जागी वारा दोन प्रकारचा असतो. एक हवामानाच्या ॲपमध्ये दिसतो तो. दुसरा उताराचा. ऊन चढलं की उतारावरची हवा तापून वर सरकते. सूर्य कलला आणि उतार सावलीत गेला की हवा गार होऊन खाली उतरायला लागते आणि घळीत जमा होते. ॲपमधला वारा जोराचा असेल तर तो उताराच्या वाऱ्यावर मात करतो. पण संध्याकाळी तो पडतो, आणि नेमकी तीच हरणं हलायची वेळ असते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मिल्कवीड शोधा. रस्त्याच्या कडेला, कुंपणाला भरपूर असतं, आपल्या रुईच्याच कुळातलं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेंगा पिकतात, आत रेशमी म्हाताऱ्या असतात. शेंगा तोडून डबीत भरून ठेवा. स्टँडवर बसल्यावर दर थोड्या वेळाने एक म्हातारी बोटांतून सोडायची आणि नजर न काढता बघायचं. वारा बघायला मिळते ती बाटलीतली पावडर दोन-तीन फुटांवर विरून जाते, ही साठ-सत्तर यार्डांपर्यंत दिसत राहते. माझ्या एका स्टँडवर दुपारी चारला म्हातारी पूर्वेला जाते, धारेवरून पार दिसेनाशी होते. सूर्य झाडांमागे गेला की तीच म्हातारी तीस यार्ड पूर्वेला जाते, थबकते, खाली बसायला लागते आणि वळून माझ्याच झाडाच्या बुंध्याखालून घळीत उतरते. माझा वासही त्याच वाटेने जातो. घळीतून वर येणारी मादी मग पाय आपटते, मान वरखाली करते, नाकाने फुर्र करते आणि पांढरं शेपूट उभं करून पळते. तिच्याबरोबर त्या संध्याकाळची बाकीची हरणंही जातात. साडेतीनशेचा सूट ती घळ बदलत नाही.

पैसे कसे लावायचे, तर माझ्या मते हार्नेस आणि लाइफलाइन (हार्नेस अडकवायला झाडाला वरपासून खालपर्यंत बांधलेली दोरी) सगळ्यात आधी. स्टँडच्या पायऱ्या चढताना-उतरताना माणसं पडतात, त्यामुळे जमिनीवर असतानाच दोरीला अडकवायचं आणि परत जमिनीवर आल्यावरच सोडायचं. मग गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. कातडी किंवा कापडी बूट पायाचा वास वाटेवर सोडत जातात, रबर कमी सोडतं. तिसरं, मेरिनो लोकरीचा आतला एक जोड. घाम आला तरी सिंथेटिकसारखा कुबट वास येत नाही. आणि उरलेल्या पैशात दुसरा, साधा हँग-ऑन (झाडाच्या खोडाला पट्ट्याने बांधायचा) स्टँड. वारा उलटा असेल त्या दिवशी बसायला दुसरी जागा असणं हा वासावरचा सर्वांत खरा उपाय आहे.

रानोमाळ
ताईंना अनुमोदन. पेनसिल्व्हेनियात माझाही हाच अनुभव.

रसायनीकर
मी शिकारी नाही, पण सक्रिय कोळशावर नोकरीची बरीच वर्षं गेली आहेत (सॉल्व्हंट परत मिळवण्याचे प्लांट), म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो.

सक्रिय कोळसा वास खरोखर पकडतो, यात खोटं काही नाही. एका ग्रॅममध्ये छिद्रांचं मिळून क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास असू शकतं आणि वासाचे रेणू त्या पृष्ठभागावर चिकटतात. पण जागा भरत जाते. घाम, कपाटातला वास, गाडीतला पेट्रोलचा वास, न्याहारीच्या टेबलावरचा धूर, सगळं त्याच जागेवर बसतं. कोळसा निवडक नसतो.

मग विक्रेते सांगतात की ड्रायरमध्ये फिरवा, पुन्हा ताजा होईल. कारखान्यात वापरलेला कोळसा पुन्हा सक्रिय करायचा तर वाफेबरोबर आठशे अंश सेल्सियसच्या वर न्यावा लागतो. घरचा ड्रायर साठ-सत्तर अंशांचा. त्यात ओल जाते, हलके, सैल चिकटलेले रेणू थोडे सुटतात, म्हणजे उपयोग शून्य नाही. पण जड रेणू तिथेच राहतात. सूट नव्यासारखा होत नाही.

आणि समजा कोळसा अगदी ताजा आहे. तरी गळा उघडा, मनगटं उघडी, चेहरा उघडा. तुम्ही हात हलवला, वाकलात की आतली हवा भात्यासारखी गळ्यातून बाहेर पडते. ती कोळशातून जातच नाही. श्वासाचं तर काहीच करता येत नाही.

या दाव्यांवर अमेरिकेत कोर्टबाजीही झाली आहे. मिनेसोटातल्या काही शिकाऱ्यांनी २००७मध्ये असे कपडे बनवणाऱ्यांवर दावा लावला. २०१०मध्ये जिल्हा न्यायालयाने "वास नाहीसा करतो" आणि ड्रायरने पुन्हा सक्रिय होतो, या धर्तीच्या जाहिराती खोट्या ठरवून त्यांना मनाई केली. २०११मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. कोळशाचं कापड वास कमी करतं एवढं पुराव्यात होतंच, भांडण होतं ते "नाहीसा" या दाव्याचं. म्हणून कोणी "कोर्टाने सिद्ध केलं" असं सांगू लागला, तर कोणत्या वर्षीच्या कोर्टाने ते विचारा. दोन्ही बाजूंचे लोक आपल्या सोयीचा निकाल सांगतात.

२००२मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या वन्यजीव संशोधकाने शोधकुत्र्यांवर प्रयोग करून निबंध लिहिला होता. माणसं लपवली, काहींना कोळशाचे सूट, काहींना साधे कपडे. कुत्र्यांना शोधण्यात सुटाने लक्षणीय फरक पडला नाही. हवामानातल्या काही गोष्टींचा मात्र परिणाम दिसला. कुत्रा म्हणजे हरीण नाही, आणि शिकवलेला कुत्रा मुद्दाम शोधत असतो, हे लक्षात ठेवून वाचावं.

हुडहुडी
रसायनीकर, छान माहिती. आता माझी बाजू.

मी सार्वजनिक जमिनीवर बसतो. सपाट दलदलीचा भाग, हरणं चारही दिशांनी येतात. तिथे "वाऱ्याच्या खालच्या अंगाला (जिकडे आपला वास वाहत जातो तिकडे) हरीण नको" असं ठरवून चालत नाही. सूट वास नाहीसा करतो असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं एवढंच की वास पातळ होतो. हरणाला माणसाचा वास रोजच येतो, शेतकरी असतो, ट्रॅक्टर असतो, सायकलवाले असतात. वास किती दाट आहे त्यावरून ते धोका जवळ की लांब हे ठरवत असावं. खालच्या वाऱ्याला आलेली हरणं माझ्याकडे बघतात, कान फिरवतात, पण पूर्वीसारखी लगेच उधळत नाहीत. बंदुकीला शंभर यार्ड मिळतात, धनुष्याला वीस-पंचवीस. त्या अंतरावर चार-पाच सेकंद जास्त मिळाले तरी बाण सुटतो.

सूट टिकवायचा तर घरातून घालून निघू नका. झाकणाच्या डब्यात ठेवा, गाडी लावल्यावर अंगावर चढवा.

ओहायोची_ताई
हुडहुडी, सपाट जागेचा मुद्दा मान्य. पण अठरा-वीस फुटांवर बसलं की पुष्कळदा वासाचा झोत हरणाच्या डोक्यावरून निघून जातो, विशेषतः ऊन असताना. मग श्रेय सुटाला जातं. तुम्ही म्हाताऱ्या सोडून बघितलंय का, ती हरणं उभी होती तिथपर्यंत त्या खाली येतात का?

हुडहुडी
नाही, पावडरच वापरतो. यंदा मिल्कवीड गोळा करतो. ज्याच्याकडे हार्नेस, बूट, दुसरा स्टँड सगळं आहे आणि तरी पैसे उरलेत, त्याने सूट घ्यावा, एवढं माझं मत कायम आहे. मॅडिसनकरांच्या बजेटमध्ये तो बसत नाही, हेही खरं.

मेळघाट_मचाण
शिकारीचा संबंध नाही, भारतात ती कायद्याने बंदच आहे. पण बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र काढायला जातो, तिथे वन खातं आधीच सांगतं की अत्तर, डिओ नको, भडक कपडे नकोत. तरीही मचाणावरून पाण्याकडे वारा वाहत असला की सांबर झाडीतच ताटकळतं, कधी भोंकून परत जातं. वारा फिरला की तेच निवांत पाण्यावर येतं. माणसं तीच, कपडे तेच.

मॅडिसनकर
मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सूट रद्द. आणखी काही शंका आहेत:

आमच्या घरात रोज फोडणी होते, हिंग-मेथीचा वास जॅकेटांना कायमचा आहे. हे किती मनावर घ्यावं? ओझोनची पिशवी घेऊ का? हरणांना जवळ खेचायला हरणाच्या मूत्राच्या बाटल्या मिळतात त्या? आणि साबण कोणता?

ओहायोची_ताई
फोडणीचा प्रश्न माझ्याही घरी आहे. हरणाला हिंग म्हणजे माणूस हे माहीत असेल-नसेल, पण त्याच्या रानात नसलेला प्रत्येक वास त्याला थांबायला लावतो. शिकारीचे कपडे घरात आणूच नका. धुऊन बाहेर दोरीवर वाळवा, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात गॅरेजमध्ये ठेवा, पेट्रोलच्या डब्यापासून लांब. डब्यात ओकची पानं टाकतात काही जण, मीही टाकते. आणि तुम्ही निघायच्या दिवशी स्वयंपाकघरातून शेवटी आंघोळीला जा, नंतर परत आत नको. केसांत वास बसतो.

साबण बिनवासाचा घ्या, आणि त्यात कपडे उजळवणारं द्रव्य नाही हे बघून घ्या. हरणाला नारिंगी-तांबडा नीट वेगळा दिसत नाही, पण निळा आणि अतिनील उजेड आपल्यापेक्षा चांगला दिसतो. उजळवणाऱ्या पावडरीने धुतलेलं जॅकेट संधिप्रकाशात त्याला चमकतं. म्हणूनच नोव्हेंबरात बंदुकीचे नऊ दिवस सुरू झाले की तुम्हा क्रॉसबोवाल्यांनाही जे फ्लोरोसंट नारिंगी किंवा गुलाबी घालावं लागतं, त्याची अजिबात चिंता करू नका. ते माणसांना दिसण्यासाठी आहे आणि घालायलाच हवं.

रसायनीकर
ओझोन वासाचे काही रेणू तोडतो हे खरं. पण तो फुप्फुसांना वाईट, आणि रबर-इलॅस्टिक चिरफाळून टाकतो. पिशवी बंद खोलीत उघडू नका. रबरी बूट त्यात कधीच नको. मी असतो तर घेतली नसती.

रानोमाळ
मूत्राच्या बाटल्या टाळा. तुमच्या राज्यात २००२पासून हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) सापडतोय, तोही मॅडिसनच्या जवळच्याच पट्ट्यात पहिल्यांदा. त्या रोगाचे प्रथिनकण मूत्रातून, लाळेतून पसरू शकतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. व्हर्जिनियाने तर २०१५पासून खऱ्या मूत्राच्या वापरावर बंदीच घातली. आणि मांस घरी खाणार आहात म्हणून सांगतो, हरणाची तपासणी करून घ्या. विस्कॉन्सिनचं डीएनआर (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) नमुने घेतं. अहवाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये, वेगळं, नाव-तारीख लिहून.

मॅडिसनकर
रोगाबद्दल कोर्समध्ये ऐकलं होतं, मूत्राचा संबंध नव्हता माहीत. बाटल्या नाहीत, पिशवी नाही. हार्नेस, बूट, मेरिनो आणि दुसरा स्टँड, एवढं पाचशेत बसतंय.

शेवटचं: सासऱ्यांचा स्टँड घळीच्या तोंडाशी आहे. हरणं दिवसा पूर्व उतारावर बसतात आणि संध्याकाळी मक्याच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यातून शेतात उतरतात. वारा बहुतेक पश्चिमेचा. दुसरा स्टँड कुठे लावू?

ओहायोची_ताई
उतरायच्या वाटेच्या दक्षिणेला, मक्याच्या कडेच्या झाडावर, वाटेपासून वीस-बावीस यार्ड. पश्चिम वारा आणि संध्याकाळी उतरणारी गार हवा, दोन्ही तुमचा वास पूर्वेला मक्यावर नेतील, हरणं तुमच्या उत्तरेला राहतील. बाण ती शेतात शिरायच्या आधी सोडायचा, एकदा मक्यात पसरली की कोणीतरी तुमच्या वासात येणारच.

वारा दक्षिणेचा झाला तर त्या दिवशी तिथे बसू नका. घळीच्या तोंडाचा स्टँड जोराचा, स्थिर वारा असेल त्याच दिवसांसाठी राखा, वारा पडला की उतरून निघा. सकाळचं बसणं या शेतावर पश्चिम वाऱ्याला जमायचं नाही. अंधारात तुम्ही झाडावर चढाल तेव्हा हरणं मक्यातच असतात आणि उताराची थंड हवा तुमचा वास घेऊन थेट त्यांच्यावर जाते.

झाड ठरवण्याआधी दोन-तीन वेगवेगळ्या संध्याकाळी तिथे जमिनीवर उभं राहून म्हाताऱ्या सोडून बघा. ऑगस्टमध्ये शेंगा हिरव्या असतील, तेव्हा मागच्या वर्षीच्या वाळक्या काड्यांवर काही राहिल्यात का ते शोधा. नाहीच मिळाल्या तर तेवढ्यापुरती पावडर चालेल.

मॅडिसनकर
या शनिवारी जातोय बघायला. सासऱ्यांना विचारलं, कुंपणापलीकडे मिल्कवीड भरपूर आहे म्हणाले.