फुकट जाहिराती करूनही वेबसाईटवर कोणी का येत नाही?

प्रश्न: आमचं कोल्हापूरजवळ गुऱ्हाळ आहे, गूळ-काकवी विकायला वेबसाईट काढली. तीन महिने रोज रात्री बसून डिरेक्टरीत (वेबसाईटच्या याद्यांत) नाव टाकतोय, ब्लॉगखाली कमेंटमध्ये लिंक देतोय, फेसबुकच्या फ्री जाहिरात ग्रुपवर पोस्ट टाकतोय, तरी दिवसाला चार-पाच जण येतात आणि लगेच जातात. कुठं चुकतंय?

उत्तर: दादा, त्या ग्रुपवर सगळेच विकायला आलेत, घेणारा कोण? तुमची पोस्ट पडते आणि दहा मिनिटांत तिच्यावर दुसऱ्या पंधरा चढतात, कोणी कोणाचं वाचत नाही.

उत्तर: कमेंटमधल्या लिंकचं सांगतो. २००५ मध्ये गूगलने नोफॉलो आणलं, म्हणजे ‘ही लिंक धरू नका’ असं गूगलला सांगणारी खूण. बरेच ब्लॉग कमेंटमधल्या लिंकला ते आपोआप लावतात, त्यामुळे रँकिंगला, म्हणजे गूगलच्या शोधात वर यायला, फारसा फायदा नाही. डिरेक्टरीचा जमाना पण गेला, डीमॉझसारखी मोठी डिरेक्टरी २०१७ मध्ये बंद झाली. आणि २०१२ मध्ये गूगलने असल्या बनावट लिंकांविरुद्ध पेंग्विन नावाचा अपडेट आणला, तेव्हापासून असल्या लिंकचा ढीग उलट अंगाशी येऊ शकतो, थांबवा ते.

उत्तर: मी मसाले विकते. ‘उत्तम मसाले’ असं लिहून काहीच होत नव्हतं, मग ‘गोडा मसाला वर्षभर टिकवायचा कसा’ हे पान लिहिलं, भाजलेल्या दगडफुलाचा फोटो टाकला, तेव्हा कुठं गूगलवरून माणसं यायला लागली. तुम्ही काकवी पातळ का होते ते लिहा ना, तुमच्याइतकं कोणाला माहितीये! गूगलचं सर्च कन्सोल हे साधन फुकट आहे, लोक काय शोधून येतात ते त्यात दिसतं.

प्रश्नकर्ता: ताई, गिऱ्हाईक फोनवर हेच विचारतात हो. आज रात्री लिहायला बसतो.