अलगीकरणाच्या आदेशाला मुदत आणि सुनावणी हवीच का?

धागालेखिका:
साथीचा धोका उभा राहिला की रुग्णाच्या संपर्कात आलेल्या, पण स्वतः आजारी नसलेल्या माणसाला सक्तीने वेगळे ठेवण्याचा, म्हणजे अलगीकरणाचा, अधिकार शासनाकडे असावा, याबद्दल माझा वाद नाही. माझा आग्रह आदेशाच्या कागदाबद्दल आहे. कोणत्या रोगाचा संशय आहे, संपर्क कधी आला, अलगीकरण कोणत्या दिवशी संपेल आणि दाद कोणाकडे मागायची, हे त्यावर लिहिलेले हवे. इबोलाची लक्षणे लागण झाल्यापासून जास्तीत जास्त २१ दिवसांत दिसतात. म्हणून शेवटच्या संपर्कापासून २१ दिवस, ही मुदत रोगानेच ठरवून दिलेली आहे. ‘पुढील आदेश होईपर्यंत’ असा मोघम कागद मी आदेश मानत नाही. १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये प्लेगच्या भीतीने चिनी वस्तीला वेढा घातला गेला आणि हद्द आखताना गोऱ्यांच्या मालकीच्या जागा वगळल्या गेल्या. न्यायालयाने तो वेढा रद्द ठरवला, कारण हजारो माणसांना एकत्र कोंडल्याने संसर्ग वाढण्याचीच भीती होती.

प्रतिसाद १:
तत्त्व मान्य आहे, पण घाईच्या वेळी ते पाळायचे कसे? गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. शिवाय मेरी मॅलन आठवा: स्वतः आजारी न दिसता टायफॉइड पसरवणारी ही न्यूयॉर्कची स्वयंपाकीण. सक्तीने वेगळे ठेवलेल्या मेरीला १९१० मध्ये स्वयंपाकाचे काम न करण्याच्या हमीवर सोडले. १९१५ मध्ये ती एका प्रसूती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात नाव बदलून काम करताना सापडली, तेव्हा तिथे २५ जणांना लागण होऊन दोघे दगावले होते. माणसाच्या शब्दावर विसंबण्याची ही किंमत आहे.

धागालेखिका:
मॅलनच्या शरीरात जंतू असल्याचे तपासणीत दिसले होते. तिचे ते विलगीकरण होते, म्हणजे लागण झालेल्याला वेगळे ठेवणे, आणि तो नियम केवळ संशयावर निरोगी माणसाला लावता येत नाही. शिवाय सुटकेनंतर तिला मिळालेल्या धुलाईच्या कामात स्वयंपाकापेक्षा कमी पैसे मिळत, हेही विसरू नये. सुनावणी आधीच व्हावी असे मी म्हटलेले नाही. दार आधी बंद करा, कागद त्याच दिवशी हातात द्या आणि सुनावणी दोन-तीन दिवसांत घ्या. मुदत संपल्यावरची सुनावणी म्हणजे वरातीमागून घोडे.

प्रतिसाद २:
तुम्ही दोघेही खर्चाबद्दल बोलत नाही. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार अलगीकरणातील आंतरराष्ट्रीय प्रवाशाला अन्न, पाणी, निवारा आणि उपचार द्यावे लागतात आणि सर्वसाधारणपणे अलगीकरणाचे शुल्क त्याच्याकडून घेता येत नाही. घरात अडकलेल्या रोजंदारीच्या मजुराला मात्र या नियमांचा आधार नाही. त्याची मजुरी कोण देणार आणि घरातल्या मधुमेही आईचे इन्सुलिन कोण आणून देणार, हेही आदेशातच लिहावे. नाहीतर तो तिसऱ्या दिवशी बाहेर पडेल आणि त्याला दोष देणे मला जड जाईल.

प्रतिसाद १:
मजुरीचा मुद्दा आणि लेखी कारण, दोन्ही मान्य. मुदतीबाबत एक दुरुस्ती सुचवतो: अलगीकरणात असताना नवा संपर्क घडला, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजण्याची मुभा अधिकाऱ्याला हवी, मात्र प्रत्येक वेळी नव्या लेखी आदेशाने.